हौसाचा ऐन

"आबा, बसा." माझी बायको हौसा गेल्यापासून घरात मला हेच ऐकू येतं. चहा घेऊन बसा, उन्हात बसा, टीव्हीपुढे बसा. माझा मुलगा अनिल चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे, कुसगावातलं घर पक्कं आहे, गच्चीतून डोंगर दिसतो. पण बसायचंच असतं तर हौसाने मला केव्हाच बसवलं असतं. तिला तो अधिकार होता, बाकी कुणाला नाही. आता या हिवाळ्यात मी नातीला आणि आळीतल्या पोरांना घेऊन आंदर मावळात आमच्या डोंगरावर गेलो, तर घरात केवढा तमाशा झाला. बिबट्या फिरतोय, साप असतात, तुमचं वय काय, लोकांची पोरं आहेत, कुणाला लागलं तर जबाबदार कोण. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण मला तोंडी भांडताना शिवी येते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना मात्र शिवी जरा मागे राहते. म्हणून इथे लिहितो. पोरांना हिवाळ्यात डोंगरावर का न्यायचं, त्याचं हे माझं उत्तर आहे.

आमचं घर कारवीच्या कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. पावसाळ्यात ती माती उंदरासारखी कुठून कुठून निघून जायची आणि हिवाळा लागला की त्या फटीतून वारा आत यायचा. आई पहाटे पुन्हा लिंपायला बसायची, बाप म्हणायचा, राहू दे, तेवढाच उजेड येतो. घरात आई, बाप, मी आणि बापाची बहीण, बयना आत्या. आत्याला नवऱ्याने टाकली असं लोक म्हणत. आत्या म्हणायची, "मीच टाकला. रस्त्यात पडलाय, कुनी उचलना." असं म्हणून ती स्वतःच इतकी हसायची की बोलणाऱ्यालाच लाज वाटायची. सकाळी उखळात भात कांडण्याचा आवाज सुरू व्हायचा, आधी आमच्याकडे, मग शेजारी, मग वस्तीभर. दोन मुसळं एकाच उखळात पडत असली की घरात भांडण नाही असं समजायचं. आमच्या घरी आई आणि आत्या कितीही भांडल्या तरी मुसळं चुकायची नाहीत. चुलीपाशी तांदळाची भाकरी, भाजलेलं सुकट, वर मिरचीचा खर्डा, आणि गुळाचा काळा चहा. सुकट भाजलं की कुत्र्यासकट सगळे घरात. आज सून सुकट आणत नाही, वास येतो म्हणते. वास येतोच. त्यासाठीच तर ते खायचं.

आता डोंगराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, त्याला राब म्हणतात. त्यासाठी हिवाळ्यात ऐनाच्या झाडावर चढून पानांसकट फांद्या तोडायच्या, त्याला आम्ही कवळ म्हणतो. कवळ वाळवायचं, उन्हाळ्यात शेतात पसरून पेटवायचं. कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर दुसऱ्याच्या दारात. आमच्या वस्तीच्या वाटणीला डोंगराची एक पट्टी होती. त्यातली झाडं कागदावर कुणाच्या नावाची नव्हती. रीत अशी की ज्याचा कोयता त्याचं झाड. ज्या घराचं माणूस दर हिवाळ्याला चढेल त्या घराचं ते झाड. एक हिवाळा कोयता चुकला की झाड मोकळं, मग ज्याचा पहिला कोयता पडेल त्याचं. आणि कुणाचा कोयता कुठल्या झाडावर पडला हे लक्षात ठेवायचं काम मोठ्यांचं नव्हतं. ते पोरांचं होतं. झाडाला साक्षीदार लहान पाहिजे, कारण म्हातारा साक्षीदार झाडाच्या आधी मरतो. कवळ तोडून झालं की पोरांना झाडाला पाठ लावून उभं करायचे, तोंडात गुळाचा खडा द्यायचे आणि म्हणायला लावायचे, हे अमक्याचं. गूळ विरघळेपर्यंत पाठ काढायची नाही. पाठीला सालीचे वळ उठायचे. ते वळ आणि तो गूळ एकत्र लक्षात राहायचा, माणूस विसरूच शकत नाही.

ही साक्षीला न्यायची पोरं तयार करणारी आमची मास्तरीण म्हणजे बयना आत्या. खऱ्या शाळेतले मास्तर पाऊस पडला की येत नसत आणि थंडी पडली की उशिरा येत. आत्याची शाळा थंडीतच भरायची. भात झोडून झालं की एखाद्या सकाळी ती टोपलीत भाकरी घ्यायची आणि वस्तीतून ओरडत जायची, "चला रं, ज्याला पाय हायती त्यानं या." आम्ही निघायचो. गवतावर इतकं दव असायचं की पाय धुतल्यासारखे व्हायचे आणि मग दुखायचे. तिचा नियम होता, सगळ्यात लहान पोर पुढे आणि ती शेवटी. पुढच्याने जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. चुकलं तर ती रागवत नसे, नुसती विचारायची. एकदा चिमा म्हणून सगळ्यात बारकी पोर होती, ती म्हणाली, "आत्या, कुत्रं भुकतंय." आत्या म्हणाली, "कुत्र्याला भुकायला मानूस लागतं. हितं मानूस कुटं हाय? भेकर हाय ती. आता गप बसा, कुनाला बघून भुकती ते बघू." आम्ही गप्प बसलो. खालच्या झाडीतून गवत हललं, आणि काय गेलं ते आम्हाला दिसलं नाही. आत्या म्हणाली, "ज्याला बघून भुकली ते गेलं. त्याला पोरं आवडत न्हाईत, लय कलकल करतात." वाघराची, म्हणजे बिबट्याची, भीती आम्हाला एवढीच शिकवली. अनिलला हे सांगितलं तर तो म्हणाला, आबा, तो काळ वेगळा होता. बिबट्याला कुणी सांगितलं काळ बदललाय म्हणून?

डोळे मिटून आम्ही झाडाची साल हाताने ओळखायचो. ऐनाची साल म्हणजे चिखलात लोळून आलेल्या म्हशीच्या पाठीवर चिखल वाळून तडकतो ना, तशी. किंजळाची साल त्याहून गुळगुळीत. ऐनाच्या खोडाला कुठे फुगवटा असतो, त्यात उन्हाळ्यात पाणी साठतं, तिथे कोयता मारला की धार लागते. पण आत्या मारू द्यायची नाही, नुसतं बोटाने ठकठक करून दाखवायची. "तान लागंल तवा फोडा. बघायला म्हनून फोडलं तर तान लागंल तवा काय फोडाल?" अर्धवट कुरतडलेलं फळ पडलं की वर बघायचं, तांबूस शेकरू शेपूट लोंबतं सोडून बसलेलं असायचं. शेणाच्या गोळ्यासारखं काही फांदीवर दिसलं तर हात लावायचा नाही, ते मुंग्यांचं घर. आणि कवळ तोडताना दोन गोष्टी सोडायच्या, झाडाचा शेंडा आणि ज्या फांदीवर कुणाचं घर असेल ती फांदी. शेंडा तोडला तर झाड रागावतं आणि घर तोडलं तर घरवाले.

त्या हिवाळ्यात हौसाचा बाप नव्हता. पावसाळ्यात तापाने गेला होता. हौसा माझ्याएवढीच, कदाचित थोडी मोठी, हे तिने मला जन्मभर ऐकवलं. तिची आई बाळंतीण होऊन अंथरुणाला खिळलेली, आणि भाऊ अजून पाळण्यात. त्यांच्या घरात झाडावर चढणारं कुणी उरलं नव्हतं. आणि हौसाचा चुलता, मारुतीतात्या, शिमगा कधी येतो त्याची वाट बघत होता. शिमग्यापर्यंत कोयता पडला नाही तर झाडं मोकळी, आणि मोकळ्या झाडांखाली कोयता घेऊन तात्या उभा. माझा बाप म्हणाला होता, मी तोडून देतो. पण माझ्या बापाने तोडलं असतं तर रीतीने झाडं आमची झाली असती. घरचंच माणूस पाहिजे. घरात माणूस एकच, परकर नेसलेलं. आणि वस्तीत अशी समजूत होती की बाई झाडावर चढली तर झाड वांझ होतं.

त्या सकाळी आत्या आम्हाला नेहमीसारखी घेऊन निघाली. हौसाही होती. वाटेत भेकर नाही, शेकरू नाही, आत्या काही विचारेना. मी म्हणालो, "आत्या, आज शाळा न्हाई व्हय?" ती म्हणाली, "आज परीक्षा हाय." हौसाच्या बापाच्या मोठ्या ऐनापाशी आल्यावर तिने टोपली खाली ठेवली, भाकऱ्या उचलल्या आणि खालून कोयता काढला. आमच्या घरचा नाही, हौसाच्या बापाचा. हौसाच्या आईकडून मागून आणला होता. तिने तो हौसाच्या हातात दिला आणि एकच शब्द म्हणाली.

"चढ."

हौसाने परकराचा काष्टा मारला, कोयता कमरेच्या दोरीत मागे खोचला आणि चढली. मी इतकी झाडं चढलोय, पण तशी चढणारी पुन्हा बघितली नाही. ती झाडाला मिठी मारत नव्हती. झाडालाच घाई आहे आणि आपण त्याला थांबवतोय, अशी चढली. वर गेल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आत्या, मुंग्या हायत." खाली आत्या म्हणाली, "त्यांची फांदी सोड." "सोडली. पर त्या मला सोडनात." आम्ही पोरं हसलो. तिच्या मानेवर, हातावर मुंग्या चढलेल्या खालूनही दिसत होत्या. मग पहिला कोयता पडला. ठक्क. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी आणि शांत असते की कोयत्याचा आवाज समोरच्या डोंगराला लागून परत येतो. वस्तीत खळ्यावर बसलेल्या माणसालाही कळतं की कुठल्या पट्टीत कवळ तोडणं चाललंय. मारुतीतात्यालाही कळलं.

तो धापा टाकत वर आला तोवर बऱ्याच फांद्या खाली पडल्या होत्या. त्याने वर बघितलं आणि ओरडला, "खाली उतर गं सटवे!" मग आत्याकडे वळला. "बयना, तू चढीवलीस व्हय हिला? पोरीची जात झाडावं चढली तर झाड वांझ हुतं, ठावं न्हाई तुला?"

आत्या भाकरी सोडत बसली होती, तशीच बसून राहिली. म्हणाली, "धम्माची दीक्षा घेतली तवा घरातलं देव टोपलीत घालून नदीत सोडलं. टोपली कुनाच्या डोक्यावं हुती? तुज्याच ना, तात्या? मंग ही वांझ झाडाची गोष्ट नदीत टाकायची राहिली व्हय? का कोनाड्यात लपवून ठिवलीस?"

तेवढ्यात वरून हौसाचा आवाज आला, अगदी लाडात. "तात्या, वर या की. पल्याडची फांदी मोकळी हाय."

तात्याचे गुडघे कामातून गेले होते, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्याचा पोरगा चढायचा, आणि पोरगा त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. आत्याने तो दिवस काय उगाच निवडला नव्हता. तात्या लाल झाला आणि खाली पडलेलं कवळ गोळा करायला लागला. "ह्यो माझ्या भावाचा ऐन. कवळ मी नेनार." कवळ ज्याच्या दारात वाळेल तो म्हणणार, कोयता माझा. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चिमा उठली आणि त्या फांद्यांवर जाऊन बसली. मग मी बसलो. मग सगळे. तात्याने फांदी ओढली तर चिमा फांदीसकट ओढली गेली आणि हसायलाच लागली, तिला ती गाडी वाटली. म्हणाली, "तात्या, अजून एकदा!" चुलता झाला तरी माणूसच होता, त्याने फांदी टाकून दिली. पण जाताना म्हणाला, "उद्या चिंचेखाली बघतो."

हौसा उतरली तेव्हा तिची मान सुजली होती आणि एक डोळा उघडत नव्हता. आत्याने गूळ काढला. आम्ही सगळे ऐनाला पाठ लावून उभे राहिलो. "हे कुनाचं?" आत्याने विचारलं. आम्ही ओरडलो, "हौसाचं!" तोपर्यंत झाडं पुरुषाच्या नावाने ओरडायची रीत होती. हौसाच्या घराचं म्हणायला हवं होतं, तिच्या बापाचं म्हणायला हवं होतं. पण आम्ही जे बघितलं ते ओरडलो.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली सगळी वस्ती बसली. तात्या म्हणाला, कोयता बयनाचा होता, पोरीच्या हातात नुसता दिला होता, चढलं कोण कुणी बघितलं? आत्या म्हणाली, पोरांनी. तात्या म्हणाला, पोरांच्या बोलण्याला काय किंमत? तेव्हा सखारामबाबा म्हणून वस्तीतला सगळ्यात म्हातारा होता, तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "मारुती, तुज्या बापाच्या पट्टीचा साक्षीदार कोन हुता रं? तूच ना? नाकाचा शेंबूड गुळात मिसळून खात हुतास. तवा तुजं बोलनं मी खरं धरलं." सगळे हसले, तात्यासुद्धा हसायचा राहिला नाही. मग बाबाने मला पुढे बोलावलं. मला एवढं कळत होतं की मी अडखळलो तर हौसाच्या घरात पुढच्या वर्षी भात शिजणार नाही. मी म्हणालो, "हौसा चढली. उगवतीच्या अंगाच्या फांद्या तोडल्या. शेंडा ठिवला. मुंग्यांची फांदी ठिवली, तिला चावल्या तरी ठिवली." बाबाने माणसं पाठवली. ते बघून आले. शेंडा होता. मुंग्यांचं घर होतं. आणि हौसाची मान तर तिथेच समोर होती, सगळ्यांना दिसत होती. बाबा म्हणाला, "झाड पोरीचं. वांझ हुतंय का ते पालवी आल्यावं बघू." उरलेली झाडं तिने त्याच आठवड्यात तोडली, उघड्यावर, दिवसाढवळ्या, आणि वस्तीतल्या बाया बघायला आल्या. पाऊस यायच्या आधी त्या मोठ्या ऐनाला तांबूस पालवी फुटली. आत्या तात्याच्या दारावरून जाताना मुद्दाम म्हणायची, "तात्या, ऐन बाळंत झाला, बघायला चला."

आत्या जाऊन जमाना झाला. मी लोणावळ्याला रेल्वेच्या रुळावर मजुरीला लागलो, हौसाशी लग्न झालं, भाऊ हाताशी येईपर्यंत ती दर हिवाळ्यात माहेरी जाऊन झाडावर चढायची. अनिल पोटात होता तेव्हाही चढली. मी ओरडलो तर म्हणाली, "पल्याडची फांदी मोकळी हाय." हे वाक्य आमच्या संसारात कायम होतं. मी कुठल्याही गोष्टीला नको म्हणालो की ती हेच म्हणायची, आणि मग मला एकतर चढावं लागायचं किंवा गप्प बसावं लागायचं. श्रावणात ती गेली. दवाखान्यात शेवटी बोलत नव्हती. मी तिची मान बघत बसलो होतो. लोक म्हणतात, आठवणी काढून त्रास करून घेऊ नका. मी काढत नाही, त्या काही कोनाड्यात ठेवलेल्या नाहीत.

या हिवाळ्यात गेलो तर डोंगराला तार लागली होती. पट्टी कुणी कुणाला विकली, बंगले कुणाचे होणार, मला माहीत नाही आणि ते भांडण मी कोर्टात लढू शकत नाही. पण तारेखाली फट होती आणि पोरं बारीक होती, त्यांनी तार वर धरली आणि मीही वाकून आत गेलो. माझी नात आर्या सगळ्यात लहान, म्हणून ती पुढे. ती बघेल ते ओरडून सांगत होती, बहुतेक चुकीचं, मी नुसता विचारत होतो. ऐन जागेवर आहे. म्हातारा झालाय, तोडून तोडून गाठी आल्यात, माझ्यासारखाच दिसतो. मी पोरांना पाठ लावून उभं केलं, खिशातला गूळ दिला, हौसा आणि तात्याची गोष्ट सांगितली. मुंग्यांच्या ठिकाणी ती पोरं जेवढी हसली तेवढेच आम्हीही हसलो होतो. खालून वॉचमन ओरडत येत होता, "ओ बाबा! इधर किसका परमिशन है? हे झाड कुणाचं आहे माहितीय का?" गुळाने भरलेल्या तोंडांनी सगळी ओरडली, "हौसाआजीचं!"

तेवढ्यात आर्याने माझा सदरा ओढला. तिची पाठ सालीने लाल झाली होती. वर बघत म्हणाली, "आबा, मी चढू?"

माझ्या तोंडात पहिल्यांदा अनिलचाच शब्द आला. पडशील, असं म्हणायला मी तोंड उघडलंही. मग मला बयना आत्याची टोपली दिसली, भाकऱ्यांखालचा कोयता दिसला. मी खाली वाकलो, तिच्या फ्रॉकचा घेर कमरेला घट्ट खोचून दिला आणि वॉचमनकडे पाठ केली.

"चढ," मी म्हणालो. "मुंग्या असतील ती फांदी सोड."